पांढऱ्या माशीचा पिवळा कोट

घाबरू नका, मित्रांनो. मी एक जुना रेनकोट आहे, दुसरं कोणी नाही. निदान माझी तरी तशी समजूत आहे. मधे काही दिवस असे गेले, की तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला इतक्या ठामपणे सांगता आलं नसतं. त्याच दिवसांची गोष्ट आज सांगायला बसलो आहे. बसलो कसला, घडी घालून ठेवलेला आहे. पण बोलायची हौस दांडगी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर पिवळं कापड पसरलं होतं आणि शिवणयंत्रांचा असा कलकलाट चालला होता की कोणाचं कोणाला ऐकू येऊ नये. जिने मला शिवलं, तिने आधी बाह्या जोडल्या, मग टोपी, आणि शेवटी प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवली. काम संपल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "यातून थेंब जरी आत गेला, तर माझं नाव सांगणार नाही." बाई शब्दाची पक्की निघाली. माझ्या आत कधी पाणी शिरलं नाही. इतर काही शिरू शकतं, याचा विचार तिने केला नसावा.

मला इतका पिवळा का केला, ते सांगतो. वीज खात्यातली माणसं वाऱ्यापावसात खांबावर चढतात. ती खालून दिसली पाहिजेत. म्हणून रंग असा निवडला की बघणाऱ्याची नजर आधी माझ्यावरच पडावी. दिसणं हेच माझं काम, आणि हाच गुण पुढे माझ्या अंगाशी आला.

ज्यांच्या अंगावर मी चढलो, ते गृहस्थ उंच होते. तारेचं वेटोळं वर्षानुवर्षं वाहून त्यांचा डावा खांदा उतरलेला होता. गल्लीत त्यांना सगळे 'उजेडवाले' म्हणायचे. दिवे गेले की लोक खिडक्यांत येऊन वाट बघायचे आणि मी वळणावर दिसलो की पोरं ओरडायची, "उजेडवाले आले!" आता खरं म्हणजे आधी दिसायचो मी, त्यांचा चेहरा मागून दिसायचा. पण त्या श्रेयावरून मी कधी वाद घातला नाही.

किती वर्षं आम्ही खांबांवर चढलो! माझ्या कोपरांना त्यांच्या कोपरांची घडी पडली. माझाही डावा खांदा उतरला. घरी खुंटीवर टांगला तरी मी सरळ राहत नसे. त्यांची बायको हसून म्हणायची, "बघा हो, खुंटीवरसुद्धा तुमच्यासारखाच उभा आहे मेला."

घर साधंच होतं. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांच्या धाकट्या बहिणीचं इस्त्रीचं दुकान, वर राहायच्या खोल्या, त्याच्या वर गच्ची. बहिणीला मी आत्याबाई म्हणेन, कारण गल्लीतली सगळी पोरं तसंच म्हणायची. बायकोला म्हणेन वहिनी, कारण आत्याबाई तसं म्हणायच्या. वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करत. बारीक वस्तू डोळ्यापाशी नेऊन बघायची त्यांना सवयच होती.

गच्चीवर उजेडवाल्यांची बाग होती. रंगाचे रिकामे डबे, चिरलेल्या बादल्या, कुणीतरी टाकून दिलेलं बेसिन, जे मिळेल त्यात माती भरलेली. त्यांचा खरा जीव एका टोमॅटोवर होता. लहानसा, अंगावर पाकळ्यांसारखे उंचवटे असलेला, देठाजवळ पिकला तरी हिरवट राहणारा. बाजारात तसा मिळत नसे. लग्नाच्याही आधीपासून ते दरवर्षी सगळ्यात चांगलं फळ बाजूला ठेवत, बी वाळवत आणि पुढच्या वर्षी लावत. घरात त्याला नाव नव्हतं. 'आपला टोमॅटो' म्हटलं की झालं.

मग एका कोरड्या, स्वच्छ सकाळी ते कामावर जायला निघाले. खुर्चीवर बसून त्यांनी एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्या बुटासाठी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मी समोरच्या खुंटीवर होतो. खोलीत वारा नव्हता, खिडकी बंद होती. तरी माझी डावी बाही हळूच फुगली, कोणी आत हात घालताना फुगते तशी. मग घरात रडारड झाली, माणसं आली, गेली, आणि मला खुंटीवरून काढून कपाटात टांगण्यात आलं. ती बाही मात्र तेव्हापासून पूर्ण सपाट झाली नाही.

त्यांचे शर्ट वाटून टाकले गेले. बूट खात्यात परत गेले. भर उन्हाच्या दिवसांत रेनकोट कोणाला हवा असतो? म्हणून मी राहिलो. गच्चीवर कोणी फिरकेना. डब्यांतली माती तडकली आणि झाडं उभ्या उभ्या वाळली. दोघी बायका एकमेकींशी जपून बोलत, जपून जेवत. मला अंधारातही ऐकू यायचं, पण ऐकण्यासारखं घरात फारसं उरलंच नव्हतं.

पुढच्या हंगामात वहिनींना बियांची बाटली सापडली. झाकण नीट लागलेलं नव्हतं. आत ओल गेली होती आणि बियांना बुरा आला होता. त्यांनी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बिया पेरल्या. रोज वर जाऊन बघायच्या आणि खाली यायच्या. शेवटी एकच रोप उगवलं. ते जगलं आणि त्याचं एखादं फळ पिकलं, तर उजेडवाल्यांचा टोमॅटो राहणार होता. नाहीतर जगात कुठेच नाही. वहिनींनी हे आत्याबाईंना एकदाच सांगितलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

रोप गुडघाभर झालं आणि एका सकाळी वहिनी पांढऱ्या चेहऱ्याने खाली आल्या.

"वन्सं, झाडाला हात लावला की धुरळा उडतोय. पांढरा."

"गच्ची झाडली नसेल चार दिवस," आत्याबाई इस्त्री थांबवून म्हणाल्या.

"धुरळा उडाला की खाली पडतो हो. हा परत जाऊन आपापल्या जागेवर बसतोय."

ती पांढरी माशी होती, मित्रांनो. तांदळाच्या कणीहूनही लहान. पानाच्या खालच्या बाजूला राहते, तिथेच अंडी घालते, आणि तिची पिल्लं पानाला चिकटून बसतात. पाय हलवत नाहीत, आवाज करत नाहीत, फक्त रस पितात. वरून बघाल तर झाड ठीकठाक दिसतं. उलटून बघाल तर अंगावर काटा येईल.

वहिनी हात धुऊन मागे लागल्या. औषधाच्या दुकानातलं विष आणायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं. उजेडवाल्यांनी कधी आणलं नव्हतं. सकाळी पाण्याची बारीक, जोरदार धार त्या पानांच्या खालून मारत. पिवळी पडलेली तळाची पानं काढून पिशवीत बांधून टाकत. संध्याकाळी ऊन उतरलं की अंगाच्या साबणाचं पातळ पाणी पानांच्या पाठीवर फवारत, कधी त्यात कडुनिंबाच्या तेलाचे थेंब. माश्या कमी व्हायच्या आणि पुन्हा यायच्या.

आत्याबाईंनाही मदत करायची होती. त्यांनी कपड्याच्या पावडरीचं दाट पाणी करून भर दुपारी झाडाला अंघोळ घातली. कपडे स्वच्छ होतात, मग पानं का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपलेल्या कागदासारख्या झाल्या. वहिनी रागावल्या नाहीत. त्या पान तळहातावर घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. आत्याबाई म्हणाल्या, रागावला असतात तर बरं झालं असतं.

आणखी एक पीडा होती. माश्यांच्या अंगातून गोडसर चिकटा गळतो. तो खालच्या पानांवर पडतो, मुंग्या येतात आणि चिकट्यावर काळी बुरशी धरते. वहिनी ती पानं पुसून काढत. पुसून निघालं नाही तर पान तोडून टाकत. काळं दिसलं की काढायचं, हे त्यांच्या हातात बसलं. ही सवय लक्षात ठेवा.

त्याच दिवसांत कपाटाला वास येतो म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि गच्चीवरच्या दोरीवर टांगलं. किती काळाने मी ऊन बघत होतो! थोड्या वेळाने मला अंगावर काही हुळहुळल्यासारखं वाटलं. एक पांढरा ठिपका. मग दुसरा. झाडावरून त्या उठत होत्या आणि वाट न चुकता माझ्याकडे येत होत्या. पिवळा रंग त्यांना पालवीसारखा भासतो म्हणतात. मी हाक मारत नव्हतो. मी फक्त दिसत होतो.

वहिनी कपडे काढायला आल्या आणि बघतच राहिल्या. मग खाली जाऊन एरंडेलाची बाटली घेऊन आल्या. पण बाटली उघडायला त्यांना फार वेळ लागला. त्यांनी माझी कॉलर नाकाशी धरली. तिथे अजून त्यांच्या माणसाचा वास होता, आणि तेल लावलं की तो जाणार, हे त्यांना कळत होतं. पण झाड मरत होतं. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि कापडाच्या बोळ्याने मला कॉलरपासून काठापर्यंत तेल लावलं.

वाळूने भरलेल्या डब्यात जुन्या झाडूचा दांडा रोवला, त्यावर आडवी काठी बांधली आणि मला घातलं. टोपीत चिंध्या कोंबल्या, नाहीतर ती लोंबत होती. झाडाच्या शेजारी, पानांच्या उंचीला, हात पसरून मी उभा राहिलो. डावा खांदा उतरलेला.

आता जे सांगतो ते मला आवडत नाही, पण सांगायला हवं. माश्या आल्या. ज्या बसल्या त्या परत उठल्या नाहीत. थोडा वेळ त्यांचे पंख थरथरत, मग थांबत. सुरुवातीला वहिनी मला पुसून नवं तेल लावायच्या. मी पुन्हा पिवळा व्हायचो आणि पुन्हा पांढरा. झाडाची पालवी सावरली, फुलं आली, बारीक हिरवी फळं धरली. माझं सगळीकडे कौतुक झालं. शेजारच्या गच्चीवरून एक काका म्हणाले, "तुमचा पहारेकरी झकास आहे हो!" मीही जरा फुशारलो, खोटं कशाला बोलू.

पण माश्या माझ्यावर सगळीकडे सारख्या बसत नव्हत्या. छातीवर दाट, बरगड्यांच्या जागी विरळ. कोपराच्या घडीत नाहीत, दंडावर दाट. जणू आत एक देह होता आणि त्याच्यावर कोणी बारीक पीठ चाळत होतं. टोपीतल्या चिंध्यांवरही त्या बसल्या, आणि तिथे नाकाचा उंचवटा दिसायला लागला. मी रिकामा आहे हे मला माहीत होतं. पण मी भरत चाललो होतो.

एका दुपारी आत्याबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढल्या. वरच्या पायरीवर त्यांनी मान वर केली आणि बादली हातातून सुटली. ती गडगडत खालपर्यंत गेली.

"दादा!"

वहिनी धावत आल्या. "अहो वन्सं, कोट आहे तो! मीच उभा केलाय."

आत्याबाईंनी ऐकलं नाही. त्या जवळ आल्या, माझी बाही दोन बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "वहिनी, मी आयुष्यभर लोकांच्या कपड्यांवर हात फिरवलाय. कपड्यात माणूस आहे की नाही, ते मला हाताला कळतं."

"आणि?"

"यात आहे."

वहिनी हसल्या नाहीत. इथेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई दुपारी कठड्यावर चहाचा कप ठेवायला लागल्या. दादा कामावरून आला की त्याला लागायचा तसा, बिनसाखरेचा. संध्याकाळी कप रिकामा सापडायचा. वहिनींना वाटे आत्याबाईच पितात. आत्याबाईंनी तर कपाला हातही लावला नव्हता. मांजर असेल, कावळा असेल. मला विचाराल तर मी काही सांगू शकत नाही, कारण कठडा माझ्या पाठीमागे होता. एवढंच सांगतो, की त्या वेळेला माझी पाठ कोमट व्हायची.

वहिनीही बदलल्या. आधी त्या वर येऊन फक्त झाड बघायच्या. आता आधी माझ्याकडे यायच्या. दुकानातल्या गमती सांगायच्या, एका गिऱ्हाइकाने डोक्यावरचाच चष्मा कसा सगळ्या दुकानभर शोधला ते सांगून स्वतःच हसायच्या. "तुम्ही असता तर त्याला आणखी फिरवला असता," असंही म्हणायच्या. मला पुसणं त्यांनी बंद केलं. जुन्या माश्यांवरूनच नवं तेल लावू लागल्या, हलक्या हाताने, आकार बिघडू नये म्हणून. घरात पुन्हा गप्पा ऐकू यायला लागल्या. दोघी सुखात होत्या, आणि ते सुख माझ्या अंगावर मेलेल्या माश्यांचं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटे, बायांनो, झाडाकडे बघा. पण कोटाला तोंड कुठे असतं?

झाडावर नवं काही घडत होतं. पानांच्या पाठीवर जी फिकट पिल्लं चिकटून बसलेली असत, त्यांतली काही काळी पडायला लागली. पुसून न निघणारे काळे ठिपके, शिसपेन्सिलीच्या टोकाएवढे. वहिनींच्या नजरेला ते पडले आणि हात आपोआप पुढे झाला. काळं दिसलं की काढायचं. त्यांनी ती पानं तोडली, पिशवीत बांधली आणि पेटवून दिली. दोन दिवसांनी आणखी काळे ठिपके. आणखी पानं. गंमत म्हणजे पानं जितकी तोडावीत तितक्या पांढऱ्या माश्या वाढत होत्या. झाड उघडं पडलं. उन्हाने फळांवर पांढरे चट्टे उठले आणि ती गळायला लागली. शेवटी शेंड्याला थोडी पानं आणि त्यांच्या आडोशाला एकच फळ राहिलं.

त्या सकाळी वहिनी झाडापाशी वाकल्या. शेंड्याच्या पानांखालीही काळे ठिपके होते. आत्याबाई दोरीवर चादरी घालत होत्या.

"रोग शेंड्याला पोचला वन्सं. हीही काढावी लागणार."

"मग फळ?"

"बघू," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज सांगत होता की बघण्यासारखं काही नाही. त्यांनी पान चिमटीत धरलं.

मित्रांनो, दोरीवरच्या चादरी स्थिर होत्या. शेजारच्या धुराड्यातला धूर सरळ वर जात होता. वारा नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. आणि माझी डावी बाही उचलली गेली. मी उचलली नाही. कोटाला हात नसतो, बाही असते. ती पुढे झाली, वहिनींच्या मनगटावर टेकली आणि चिकटली.

वहिनी हलल्या नाहीत.

"मी बघितलं," मागून आत्याबाई अगदी हळू म्हणाल्या. "वहिनी, मी बघितलं."

वहिनींनी दुसऱ्या हाताने बाही सोडवली. मनगटावर तेल आणि माश्यांचे पंख राहिले. पान अजून देठावर होतं, नुसतं उलटलेलं. हातांना काहीतरी करायला हवं होतं म्हणून असेल, त्यांनी कमरेला खोचलेलं कामाचं भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं. चष्म्याचा बारीकसा स्क्रू बघतात तसं त्या काळ्या ठिपक्याकडे बघितलं.

ठिपका आतून हलत होता.

आधी त्याला एक गोल छिद्र पडलं, सुईने पाडावं इतकं नेमकं. छिद्रातून एक डोकं आलं. मग अंग ओढत, पाय पुसत, एक कीटक बाहेर आला. माशी नव्हती ती. गांधीलमाशीच्या जातीचा, पण इतका चिमुकला की भिंगाशिवाय तो आहे असं कोणी मानलं नसतं. काळं डोकं, पिवळंधमक पोट. तो पानावर चालत गेला, एका फिकट पिल्लापाशी थांबला, त्याला मिशांनी चाचपलं, पाठीमागचं टोक त्याच्यात खुपसून अंडं घातलं आणि पुढच्याकडे गेला. मागे उरलेलं काळं टरफल रिकामं होतं. त्यातलं पांढऱ्या माशीचं पिल्लू आतल्या आत खाऊन टाकलेलं होतं.

वहिनी खाली बसल्या. "वन्सं, रोग नव्हता हा. हे तर आपल्या बाजूचे होते. मी आपल्याच माणसांना जाळत होते."

पुढचे दिवस त्यांनी झाडाला फक्त बघितलं. फवारा बंद, तोडणं बंद. ज्या पिल्लांना कीटकाने टोचलं होतं, ती एकामागून एक काळी पडत गेली. शेंड्याच्या पानांना एका जुन्या ओढणीची सावली केली. मुंग्या त्या कीटकांना हुसकावतात असं दिसलं, तेव्हा झाडाचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला. फळ टिकून होतं. त्याच्या बुडाशी किंचित पिवळी झाक आली.

मग एका दुपारी दुकानातली गंमत सांगता सांगता त्या थांबल्या. माझ्या छातीवर काहीतरी चमकलं होतं. त्यांनी भिंग लावलं. पांढऱ्या माश्यांच्या मधे काळं डोकं, पिवळं पोट. शेजारी आणखी एक. कॉलरपाशी तर कितीतरी. एक अजून पाय झाडत होता. माझा रंग मित्र आणि शत्रू असा भेद करत नाही. झाडावरच्या माश्या आता थोड्या राहिल्या होत्या. मी धरत होतो ते त्यांना मारणाऱ्यांनाच.

वहिनींचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्यांनी भिंग कमरेला खोचलं आणि जिन्याकडे हाक मारली. आत्याबाई आल्या. कोट उतरवायचा म्हटल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून, माझ्यासारख्याच.

"हात लावायचा नाही."

"वन्सं, हा उभा राहिला तर ते कीटक मरतील. ते मेले तर झाड जाईल."

"जाऊ दे. टोमॅटो काय, पिशवीभर आणून देते."

"हा नाही मिळत बाजारात."

"आणि दादा मिळतो?" आत्याबाईंचा आवाज फाटला. "एकदा गेला तेव्हा मी खाली दुकानात होते, वहिनी. कुणाच्या तरी लग्नाच्या शर्टाला इस्त्री करत होते. मला कोणी हाकसुद्धा मारली नाही. आता माझ्या डोळ्यांदेखत परत घालवताय त्याला?"

वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्या डाव्या बाहीकडे बघितलं.

"तुम्हीच बघितलंत ना, त्यांनी माझा हात धरला तो? मग सांगा, कशासाठी धरला? मला जवळ घ्यायला? मी रोज याच्या गळ्यात पडायच्या बेतात असायचे, तेव्हा कधी हललासुद्धा नाही. पान तोडायला निघाले तेव्हा धरला. त्यांना झाड हवंय वन्सं. कोट नकोय."

आत्याबाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांचे हात खाली आले. त्या बाजूला झाल्या नाहीत, पण अडवतही नव्हत्या.

वहिनी माझ्यापुढे आल्या, पदर सावरला आणि घरात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, उतरवते हं आता. झाडासाठी उतरवते. रागावू नका."

त्यांनी मला खांद्यांना धरून उचललं आणि मी उचलला गेलो नाही. तेलाचं आणि माश्यांचं वजन असून असून किती असणार? पण मी जड होतो. एखाद्या उंच माणसाइतका जड. वहिनींनी पुन्हा जोर लावला, त्यांचे पाय घसरले. तेव्हा आत्याबाई पुढे झाल्या आणि त्यांनी माझा डावा खांदा धरला. दोघींनी मिळून मला काठीवरून काढलं. दोघींच्या मधे, झोपलेल्या माणसाला न्यावं तसा, त्या मला जिन्यापर्यंत घेऊन गेल्या.

पहिल्या पायरीवर ते वजन गेलं. इतकं एकाएकी गेलं की दोघी मागे कोलमडल्या आणि भिंतीला टेकल्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. माझी डावी बाही सपाट होऊन लोंबत होती. काय गेलं ते मला ठाऊक नाही. एवढं कळलं की खुंटीवरच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच माझ्यात मी एकटा होतो.

मला कोमट साबणाच्या पाण्यात धुतलं. पाणी कितीदा तरी बदलावं लागलं. रेनकोटाला इस्त्री चालत नाही, म्हणून आत्याबाईंनी हातानेच माझ्या सुरकुत्या काढल्या. बराच वेळ काढत बसल्या.

आणि फळ पिकलं. लहानसं, उंचवट्यांचं, देठाशी हिरवट. वहिनींनी ते कापलं, बिया कागदावर मोकळ्या केल्या आणि उरलेल्या फळाच्या दोन फोडी केल्या. आत्याबाईंनी आपली फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "हाच." त्यानंतर दोघी रडल्या, आणि ते रडणं ऐकायला मला बरं वाटलं.

आता गच्चीवर त्या टोमॅटोची ओळ आहे म्हणतात. पांढऱ्या माश्याही आहेत, थोड्या. काळे ठिपकेही आहेत. दोघांचं आपसात चालू असतं आणि वहिनी फारसा हात घालत नाहीत. मी इथे घडी घालून पडलो आहे. तेलाचे डाग गेले नाहीत, रंग उतरला आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्हाला एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी झाडाला पांढरी माशी लागली तर पान उलटून बघा, आणि काळा ठिपका दिसला तर तोडण्याआधी थांबा. पिवळं काही टांगलंत तर त्यावर रोज नजर ठेवा आणि त्याचं काम झालं की उतरवा. उभं केलेल्याला स्वतःहून उतरता येत नाही. फक्त उतरवताना, नुसता कपडा आहे असं समजून ओढू नका. आधी समोर उभं राहून मोठ्याने सांगा. आत कोणी असेल, तर त्याला निघायला वेळ द्या.